क्रॉसिंगला उभी राहिलेली गाडी

मंडळी, गणपती जवळ आलेत. तुमच्यातल्या काहींचं आरक्षण झालंय, काहींचं वेटिंगवर अडकलंय, आणि बऱ्याच जणांनी बॅगा भरून जनरलच्या डब्यात शिरायचं ठरवलंय. कोकण रेल्वेवर बोला म्हटलं की वक्ते पूल, बोगदे आणि धबधबे यांत रमतात. पानवलच्या 64 मीटर उंच पुलाचं आणि साडेसहा किलोमीटरच्या करबुडे बोगद्याचं मलाही अप्रूप आहे. पण आज मी बोलणार आहे ठाण्याजवळच्या दिव्याहून सुटणाऱ्या दोन साध्या पॅसेंजर गाड्यांबद्दल: एक रत्नागिरीची, दुसरी सावंतवाडीची. आपल्या माणसांसाठी ही रेल्वे किती आहे, हे मला या गाड्यांवरून कळतं.

आधी हिशेबाचं बोलू. अ. ब. वालावलकरांनी या रेल्वेचा ध्यास घेतला, बॅ. नाथ पैंनी आणि पुढे मधु दंडवत्यांनी ती संसदेत लावून धरली. तरीही गाडी रोह्यापर्यंत यायला 1986 उजाडलं. पुढच्या डोंगरात शिरायला रेल्वेकडे पैसे नव्हते. दंडवते अर्थमंत्री आणि जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना 1990 मध्ये तोडगा निघाला तो वेगळं महामंडळ काढायचा. त्यात केंद्राचा वाटा 51 टक्के, महाराष्ट्राचा 22, कर्नाटकाचा 15, गोवा आणि केरळचा 6-6. बाकीचा पैसा करमुक्त रोखे काढून बाजारातून उभा केला. ई. श्रीधरन अध्यक्ष झाले, आणि रोहा ते मंगळूरजवळचं ठोकूर ही 741 किलोमीटरची वाट 1998 मध्ये पूर्ण झाली. मऊ मातीतल्या बोगद्यांनी मात्र जेरीस आणलं. गोव्यातल्या पेडण्याचा बोगदा तर खणला की ढासळायचा, पुन्हा खणला की पुन्हा ढासळायचा. 2024 च्या जुलैत त्याच पेडण्याच्या बोगद्यात पाणी भरून गाड्या थांबल्या, तेव्हा जुन्या माणसांना ते दिवस आठवले असतील.

तर हे कर्ज फेडायचं कोणी? तुमचं तिकीट काढताना रोह्याच्या पुढचं अंतर आहे तसं धरलं गेलं नाही. त्यावर 40 टक्के वाढवून भाडं लावलं गेलं. म्हणजे 100 किलोमीटर गेलात तर 140 चे पैसे. तिकिटावर ही गोष्ट वेगळी छापलेली नसते, म्हणून आपल्याला ती जाणवली नाही. पण चाकरमान्याने, त्याच्या आईने, मे महिन्यात मामाकडे जाणाऱ्या पोरांनी वर्षानुवर्षं हा वाढीव पैसा भरलाय. म्हणून मी म्हणतो, या रेल्वेवर आपला हक्क सरकारी मेहेरबानीचा नाही, आपण तो मोजून घेतलेला आहे.

आता पॅसेंजरकडे येऊ. ती क्रॉसिंगला का रखडते? साधं कारण आहे, लाइन एकच. रोहा ते वीर हा जेमतेम 47 किलोमीटरचा तुकडा 2021 मध्ये दुहेरी झाला. त्याच्या पुढे दक्षिणेला जाणारी आणि उत्तरेला येणारी गाडी एकाच रुळावरून जाते. समोरासमोर येणाऱ्या गाड्यांपैकी एकीला स्टेशनात बाजूच्या लाइनवर घ्यावं लागतं. मागून जलद गाडी येत असली तरी तेच. कोणाला बाजूला घ्यायचं हे नियंत्रण कक्षातला माणूस ठरवतो, आणि पहिला मान राजधानीला, वंदे भारतला, मग एक्सप्रेसला. शेवटचा पॅसेंजरला.

आडवली, विलवडे असल्या स्टेशनात कधी अडकलात का? गाडी थांबते. पंखे गरगरत असतात. पाच मिनिटं कोणी काही बोलत नाही, कारण पाच मिनिटं चालतात. मग एकजण उतरून पुढे सिग्नल बघायला जातो. आजी पिशवीतून भाकरी काढते. वरच्या रॅकवर कोणाचं तरी मखर जुन्या साडीत गुंडाळून ठेवलेलं असतं, त्याचा मालक दर दहा मिनिटांनी हात लावून बघतो. अर्ध्या तासाने बोगद्याकडून हॉर्न येतो, एसी डब्यांची गाडी काचा बंद करून धाडकन निघून जाते, आणि आपली गाडी तरी हलत नाही. मग कळतं, समोरूनही एक येतेय.

एवढ्यावरून मी जलद गाड्यांना नावं ठेवणार नाही. 2023 मध्ये वंदे भारत आली याचा मला आनंद झाला. पण कोकण रेल्वेच्या हद्दीत, महाराष्ट्रात तिचे थांबे खेड, रत्नागिरी आणि कणकवली. मधल्या माणसाने काय करायचं? राजापूर रोडला उतरणाऱ्याला तर पुढे शहर गाठायला पुन्हा एसटी किंवा रिक्षा बघावी लागते. कडवई, वेरवली, खारेपाटण रोड, आचिर्णे ही स्टेशनं झाली तीही मुळात गाड्यांच्या क्रॉसिंगची सोय म्हणून. लोकांना उतरायची जागा मिळाली, हा त्याचा मोठा फायदा. आणि तिथे थांबणार कोण, तर पॅसेंजर. ती रखडली की अख्खा मधला मुलूख रखडतो.

पावसाळ्यात तर वेळापत्रकच वेगळं असतं. उशीर झाला की आपण चिडतो, तो मुद्दाम का ठेवलाय हे मात्र आपण विसरतो. 22 जून 2003 च्या रात्री वैभववाडीजवळ डोंगरातून दगड रुळावर आले आणि कारवारहून मुंबईला येणारी गाडी त्यांवर आदळली. 50 हून अधिक माणसं गेली. पुढच्याच वर्षी जूनमध्ये आंबवली पुलाजवळ मत्स्यगंधा एक्सप्रेसचा अपघात झाला, कारण पुन्हा दगडच. त्यानंतर कड्यांना जाळ्या लागल्या, पर्जन्यमापक आणि पुलांवर वारा मोजायची यंत्रं बसली, आणि मुसळधार पावसात वेग ताशी 40 किलोमीटरवर आणायचा नियम आला.

आणि पायी गस्त वाढली. ही गस्त घालणाऱ्या माणसाबद्दल मला जरा सविस्तर सांगू द्या. रात्री दोन वाजता, अंगावर रेनकोट, हातात बत्ती, खांद्याला पिशवी. पिशवीत लाल कापड आणि फटाके असतात. हे फटाके म्हणजे रुळावर बांधायच्या चपट्या डब्या, चाक गेलं की मोठा बार होतो. समजा पुढे दरड दिसली आणि हा एकटा आहे. लाइन एकच, म्हणजे गाडी दोन्हीकडून येऊ शकते. मग लाल बत्ती दरडीपाशी लावायची आणि ज्या बाजूने आधी गाडी येणार त्या बाजूला खडीवरून धावत सुटायचं. 600 मीटरवर एक फटाका, 1200 मीटरवर आणखी तीन, दहा-दहा मीटरच्या अंतराने. सव्वा किलोमीटर, पावसात, अंधारात. आपण डब्यात झोपलेलो असताना हा माणूस चालत असतो. त्याला कायम नोकरी, चांगले बूट आणि गस्तीनंतर कोरडी जागा मिळते का, हे विचारणं प्रवाशांचंही काम आहे असं मला मनापासून वाटतं.

आता दिव्याचं. रत्नागिरी पॅसेंजर कोरोनाआधी दादरहून सुटायची. लालबाग, परळ, गिरगावातला माणूस दादरला बसायचा. आता त्याला सामानासकट लोकलने दिवा गाठावं लागतं. सावंतवाडीची गाडी तर भल्या सकाळी सुटते, तिच्यासाठी म्हाताऱ्या माणसांना रात्रीच दिव्यात येऊन थांबावं लागतं. रोह्याच्या अलीकडची लाइन मध्य रेल्वेची, तिथे लोकलची गर्दी, फलाट मोकळा नाही, या अडचणी खऱ्या आहेत. पण दोन संस्थांच्या हद्दीत प्रवासी मधोमध सापडतो, आणि कोणाकडे गेलात तरी दुसऱ्याकडे बोट दाखवलं जातं.

म्हणून कोकण रेल्वेच्या भारतीय रेल्वेतल्या विलीनीकरणाकडे मी आशेने बघतो. गोवा, कर्नाटक, केरळ आधीच राजी होते, 2025 मध्ये महाराष्ट्रानेही होकार दिला, ‘कोकण रेल्वे’ हे नाव राहिलं पाहिजे या अटीवर. नाव राहावंच. पण मला त्या अटींत आणखी तीन ओळी हव्या होत्या. वीरच्या पुढे दुहेरीकरण किती वर्षांत होणार. ते वाढीव अंतराचं भाडं पूर्ण कधी उठणार. आणि रत्नागिरी पॅसेंजर दादरला परत कधी येणार.

तुमच्या मंडळाचं निवेदन खासदारांना जाणार आहे असं अध्यक्ष मघाशी म्हणाले. त्यात या तीन ओळी घाला. खाली सह्या घेताना गाडीतल्या घ्या, दिव्याच्या फलाटावर, विलवड्याला गाडी उभी असेल तेव्हा. अर्धा तास हाताशी असतोच.