पाळणाघर बंद, फी चालू

श्रोतेहो, नमस्कार. दिवाळी तोंडावर आली की पाळणाघराच्या दारावर सुट्टीचा कागद लागतो, आणि घरोघरी तोच प्रश्न निघतो. पोर घरी, मग पैसे कशाचे?

माझा मुलगा दोन वर्षांचा असताना हा प्रश्न मलाही पडला होता. डोंबिवलीत आमच्या मागच्याच चाळीत एका काकूंचं पाळणाघर होतं. महिन्याची फी 4,500 रुपये, दिवाळीला पाच दिवस बंद. मी दिवसाला 150 धरले, पाच दिवसांचे 750 वजा केले आणि उरलेले पाकिटात घालून वसुबारसेच्या संध्याकाळी गेले. सुट्टीचा पहिला दिवस, पण दार उघडं. भिंतीला चौदा छोट्या गाद्या उभ्या केलेल्या, खोळी धुऊन दोरीवर. काकू खाली बसून उसवलेल्या खोळी शिवत होत्या. प्रत्येक खोळीच्या कोपऱ्यात लाल दोऱ्यानं मुलाचं नाव होतं. माझ्या लेकाच्या नावाशेजारी हत्ती काढलेला. "त्यावर हात फिरवल्याशिवाय झोपत नाही गं तो," काकू म्हणाल्या. मला, त्याच्या आईला, हे ठाऊक नव्हतं.

मदतीच्या मावशी पगार आणि बोनस न्यायला दारात उभ्या होत्या. काकूंनी माझं पाकीट उघडलं, नोटा मोजल्या, क्षणभर थांबल्या. मग स्वयंपाकघरात गेल्या, डाळीच्या डब्यामागून पैसे काढून आणले, त्यात मिळवले आणि मावशींच्या हातावर ठेवले. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. वर लेकासाठी चकल्यांची पुडी दिली. ते 750 रुपये मी दुसऱ्या दिवशी सकाळीच नेऊन दिले.

तर श्रोतेहो, ही फी दिवसांची नसते, जागेची असते. आपल्या मुलाची गादी तिथे राखलेली असते. खोलीचं भाडं दिवाळीत थांबत नाही, मावशींचं घर थांबत नाही. आपल्यालाही दिवाळीच्या सुट्टीचा पगार मिळतोच की! पुन्हा सांगते, फी जागेची असते.

आणि एक बोलू द्या. ही फी परवडते का, हे नेहमी आईच्याच पगाराशी का ताडून बघतात? मूल दोघांचं, तर फीही दोघांच्या पगारातून धरा. मातृत्व लाभ कायद्यातल्या, म्हणजे बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यातल्या, 2017च्या दुरुस्तीनं पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय सक्तीची केली. बाबांनीही आपल्या कचेरीत त्याबद्दल विचारावं, असं मला फार वाटतं.

आता पालकांची बाजू. ठरलेल्या सुट्ट्यांचे पैसे द्यायचे, पण आयत्या वेळी आठ-आठ दिवस कुलूप लागलं तर फी कमी करून मागण्यात गैर काही नाही. म्हणून नाव घालतानाच वर्षाच्या सुट्ट्यांची यादी मागून घ्या. मे महिन्यात गावी जाणार असाल, तर जागा राखायला पूर्ण फी की अर्धी, तेही तेव्हाच विचारा आणि वहीत लिहून घ्या.

आणि यंदाची फी वसुबारसेच्या आधी पोचती करा. मावशींचा बाजार व्हायचा असतो. नमस्कार.