निळ्या डब्याचा सोर्स कोड

(दृश्य: टेबलावर राउटर. दोन हात.)

हा डबा उघडायला स्क्रू ड्रायव्हर लागत नाही. पुढच्या निळ्या पायांवर अंगठे रेटायचे. कट्‌कन आवाज होतो आणि निळं तोंड सुटून हातात येतं.

लिंक्सिस कंपनीचा वाय-फाय राउटर, डब्ल्यूआरटी५४जी. डिसेंबर २००२मध्ये बाजारात आलेला.

आत हिरवी पाटी, त्यावर ब्रॉडकॉमची चिप. सोळा एमबी रॅम, चार एमबी फ्लॅश. आज मोबाइलवर काढलेला एखादा फोटोसुद्धा या चार एमबीत मावेलच असं नाही. इथं मात्र अख्खी ऑपरेटिंग सिस्टिम बसवली होती. फर्मवेअरची, म्हणजे डब्यात भरलेल्या सॉफ्टवेअरची, फाइल उलगडली की ओळखीची नावं दिसू लागतात: लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम आणि बिझीबॉक्स हा तिच्या छोट्या हत्यारांचा संच. जून २००३मध्ये लिनक्सवाल्यांच्या हे लक्षात आलं आणि त्यांनी साधा प्रश्न विचारला. सोर्स कोड कुठाय?

(दृश्य: परवान्याचा मजकूर. कर्सर तिसऱ्या कलमावर.)

हा प्रश्न विचारायचा हक्क या कागदानं दिला. जीपीएल, म्हणजे लिनक्स ज्याखाली वाटलं जातं तो मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना. दुसरी आवृत्ती, १९९१. तिसरं कलम सावकाश वाचा. मशीनला कळणारी प्रत दुसऱ्याला देताय? मग माणसाला वाचता येणारा सोर्स कोडही सोबत द्या. नाहीतर निदान तीन वर्षं चालेल असा लेखी शब्द द्या, की मागेल त्याला तो देऊ. पैसे घ्यायचे ते पाठवणीच्या खर्चापुरते.

‘मागेल त्याला’. आम्ही या दोन शब्दांवर कॅमेरा जरा जास्तच वेळ ठेवलाय, मान्य आहे.

प्रोग्रॅम हवा तसा चालवा, आतून तपासून बदला, प्रती वाटा, बदललेली प्रतही वाटा. ही चार स्वातंत्र्यं हा परवाना रचणारे रिचर्ड स्टॉलमन शून्यापासून मोजतात, प्रोग्रॅमरच ते. इंग्रजीत मुक्त आणि फुकट यांना एकच शब्द, त्यामुळे त्यांना दरवेळी खुलासा करत बसावं लागतं. आपल्याला तो त्रास नाही. हा डबाही दाम मोजूनच मिळत होता, आणि परवान्याची त्याला काही हरकत नव्हती.

मार्च २००३मध्ये नेटवर्कची यंत्रं बनवणाऱ्या सिस्कोनं लिंक्सिस घ्यायचं जाहीर केलं, सुमारे ५० कोटी डॉलरला. कंपनीबरोबर डबे आले, डब्यांबरोबर ही अटही आली. २००३ संपायच्या आत सोर्स कोड बाहेर आला. उपकार म्हणून नव्हे.

(दृश्य: ब्राउझरमधलं फर्मवेअर बदलायचं पान. पॉवरचा दिवा लुकलुकतोय.)

फाइल निवडली, बटण दाबलं. आता अडॅप्टरला हात लावायचा नाही. मध्येच वीज गेली तर डब्याची वीट व्हायची.

तेवढ्यात पुढचं सांगून टाकतो. त्या सोर्स कोडमधून २००४मध्ये ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरसाठीचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं, नावातलं डब्ल्यूआरटी याच डब्याचं. २००५मध्ये कंपनीनं मेमरी निम्म्यावर आणली आणि लिनक्स काढलं, मग लिनक्सवाल्यांसाठी वेगळं मॉडेल काढलं. २००८मध्ये स्टॉलमन यांच्या फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं याच परवान्यावरून सिस्कोवर खटला भरला, २००९मध्ये तो मिटला.

दिवा स्थिरावला.

(दृश्य: काळी स्क्रीन, लॉगिन.)

आत शिरताच स्वागताला कॉकटेलची कृती. व्होडका, कलुआ, बर्फ, वरून अलगद सोडलेलं क्रीम. चेष्टा नाही, ओपनडब्ल्यूआरटीच्या या आवृत्तीचं नावच व्हाइट रशियन. आणि कृतीच्या खाली कर्सर, तुमच्या हुकमाची वाट बघत.