कोसोवोतल्या घरातल्या शाळा

[दृश्य: घराचं फाटक, आतल्या खोल्या]

कोसोवोची राजधानी प्रिस्टिना. तिथलं हे हेर्तिका कुटुंबाचं घर. खोल्यांमध्ये पलंग नाहीत, बाकं आहेत, लिहायचे फळे आहेत. १९९२ पासून काही वर्षं इथे शाळा भरायची. मुलं इतकी, की पाळ्या लावाव्या लागत.

कोसोवो हा तेव्हा युगोस्लाव्हियातल्या सर्बियाचा स्वायत्त प्रांत, बहुसंख्य लोक अल्बेनियन. १९८९ मध्ये सर्बियाने त्याची स्वायत्तता मोडीत काढली. पुढच्या वर्षी सर्बियाची राजधानी बेलग्रेडहून नवा अभ्यासक्रम आला. अल्बेनियन शिक्षकांनी तो शिकवायला नकार दिला, तेव्हा पगार बंद झाले. १९९१ मध्ये तर माध्यमिक शाळांची आणि विद्यापीठाची दारंच अल्बेनियन मुलांना बंद झाली. प्राथमिकचे वर्ग बहुतेक जुन्याच इमारतींत राहिले, पण काही ठिकाणी सर्ब आणि अल्बेनियन मुलांच्या मधोमध भिंत घातली गेली.

मोठ्या मुलांसाठी मग लोकांनी आपली घरं दिली. कुणी तळघर, कुणी गॅरेज. जर्मनी-स्वित्झर्लंडात राबणारे अल्बेनियन मिळकतीतले तीन टक्के पाठवत. त्यातून शिक्षकांच्या हाती पडे तो पगार तुटपुंजा, आणि तोही वेळेवर मिळेलच असं नाही.

[दृश्य: जुनं गुणपत्रक, शिक्क्यावर कॅमेरा]

पोलिसांचा डोळा असायचा तो कागदांवर. हजेरीपट, गुणपत्रकं, शिक्के. कारण शिक्क्यावर लिहिलेलं असे, ‘कोसोवो प्रजासत्ताक’. अल्बेनियनांनी स्वतःच जाहीर केलेल्या या प्रजासत्ताकाला एकट्या अल्बेनियाने मान्यता दिली होती, पण त्याच्या नावाने परीक्षा होत, निकाल लागत! वाटेत झडती झाली तर काय, म्हणून मुलं पुस्तकं कपड्यांत लपवून आणत. मार बसला तो बहुतेक शिक्षकांना.

कौतुक करावं, पण शिक्षण कच्चं राहिलं हेही सांगायला हवं. रसायनशास्त्राचे प्रयोग फळ्यावरच उरकले जात. प्रयोगशाळा आणायची कुठून?

१ सप्टेंबर १९९६ रोजी सर्बियाचे अध्यक्ष मिलोशेविच आणि अल्बेनियन नेते इब्राहिम रुगोवा यांनी शाळा परत उघडण्याच्या करारावर सह्या केल्या. करार कागदावरच राहिला. १ ऑक्टोबर १९९७ रोजी विद्यापीठाचे विद्यार्थी पांढरे शर्ट घालून प्रिस्टिनाच्या रस्त्यावर उतरले. त्यांच्यावर लाठ्या आणि अश्रुधूर चालला.

सगळ्या इमारती परत मिळाल्या त्या सर्ब फौजा आणि अल्बेनियन बंडखोर यांच्यातल्या युद्धानंतर, १९९९ मध्ये. त्यातल्या कितीतरी जळालेल्या, पडलेल्या. म्हणून काही गावांत त्या वर्षी शाळा तंबूत भरली.