पेटी निघाली

(काचेवर रोलर फिरतो आहे. सुरुवातीला फक्त आवाज.)

हा आवाज नीट ऐका. काचेवर शाई पसरली की रोलर आधी पचपच करतो. तसा आवाज येतोय तोवर शाई जास्त आहे, फिरवत राहायचं. मग पचपच थांबते आणि तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तशी बारीक चरचर सुरू होते. आता लिनोवर, म्हणजे चित्र कोरलेल्या लिनोलियमच्या तुकड्यावर, शाई चढवायला हरकत नाही.

ही खोली कोल्हापुरातली. वर्षातले चार महिने इथं गणपतीचे साचे असतात. उरलेल्या दिवसांत ती या मंडळींची. मंडळी म्हणजे कोल्हापूर, सांगली, सातारा आणि सिंधुदुर्ग अशा चार जिल्ह्यांतले अठरा चित्रकार. त्यांची संस्था नोंदवलेली नाही, त्यामुळे अध्यक्ष कोण हा प्रश्नच येत नाही. मालमत्ता म्हणाल तर एक व्हॉट्सॲप ग्रुप आणि एक पत्र्याची पेटी.

(पेटी. हिरवा रंग, कोपऱ्यात पोचा.)

हीच ती पेटी. लग्नात रुखवताबरोबर आलेली, एका चित्रकाराच्या आईची. या चित्रफितीत तिला बरंच बघायचं आहे.

हिशेब सोपा आहे. प्रत्येकानं एक लिनो कोरायचा आणि त्याचे २० छापे काढायचे. त्यातले १८ छापे अठरा जणांत वाटले जातात, एक पेटीतून गावोगाव फिरतो, एक जपून ठेवला जातो. एकूण ३६० छापे होतात आणि प्रत्येकाच्या घरी अठरा चित्रांचा संच येतो, स्वतःचं धरून. पैसे कुणी कुणाला देत नाही.

(सांगलीच्या घराची गच्ची. लिनोचे तुकडे उन्हात.)

सांगलीच्या ताईंनी लिनो वाळवणासारखे उन्हात मांडलेत. शेजारच्या काकू पापड समजून चौकशी करून गेल्या. लिनोलियम म्हणजे जवसाचं तेल, बुचाचा भुगा, लाकडाचा भुसा आणि खाली तागाचं कापड. मुळात हे जमिनीवर अंथरायचं आच्छादन. थंडीत ते कडक होतं, टूल चालवलं की कडा तुटतात. ऊन लागलं की मऊ पडतं आणि काप लोण्यासारखा जातो.

आधी रेषेसाठी व्हीच्या आकाराचं टूल, मोठी जागा काढायला यूच्या आकाराचं. दुसरा हात कायम टूलच्या मागं ठेवायचा. तो पुढं ठेवला की काय होतं, हे ताईंच्या डाव्या अंगठ्यावर दिसतंय.

(छिन्नीचा आवाज. इथे निवेदन नाही.)

कोरलं ते पांढरं राहणार, ठेवलं ते काळं होणार. आणि सगळं उलटं छापणार. हे ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या पेटीच्या, म्हणजे पहिल्या फेरीच्या वेळी मालवणकडच्या एका चित्रकारानं होडी कोरली होती, जाळ्याच्या एकेका धाग्यासकट. वीसच्या वीस छापे निघाल्यावर लक्षात आलं, की होडीवरचं नाव आरशात बघावं लागतंय. ते छापे तसेच फिरले. त्या पेटीतलं सगळ्यात जास्त पाहिलं गेलेलं चित्र तेच होतं, हे त्याला अजून ऐकवतात.

कागद पुण्याच्या हातकागद संस्थेचा, सुती चिंध्यांच्या लगद्यापासून केलेला. कडा दातरलेल्या, हाताला किंचित खडबडीत. छापायचं यंत्र असतं तर चाक फिरवायचं की झालं. इथं यंत्र नाही, स्टीलचा चमचा आहे. कागद लिनोवर ठेवायचा, हलू द्यायचा नाही आणि चमच्याच्या पाठीनं घासत राहायचं, कानाकोपरा न सोडता. एका छाप्याला दहा-पंधरा मिनिटं जातात. असे वीस. दुसऱ्या दिवशी खांदा जेवणाचा चमचासुद्धा उचलू देत नाही, असं इथले सगळे सांगतात.

(कागदाचं एक टोक उचललं जातं. कागद हळूहळू सुटतो.)

मग छापे दोरीवर. तेलाची शाई वाळायला दोन-चार दिवस लागतात, पावसाळ्यात आठवडाही. वाळल्यावर चित्राखाली शिसपेन्सिलीनं डावीकडे आकडा, मध्ये नाव, उजवीकडे सही. आकडा ७/२० असा. वीसपैकी सातवा. सातवा म्हणून तो पहिल्यापेक्षा कमी दर्जाचा असं काही नसतं. हा प्रश्न प्रत्येक गावात येतो, आणि प्रत्येक गावात तो पेढीवर बसणारा माणूसच विचारतो.

विसावा छापा झाला की शेवटचं काम उरतं.

(ताई लिनो पुढ्यात घेतात. टूल. लिनोवर कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत फुली.)

आता एकविसावा छापा निघणार नाही.

(रंकाळा, पहाट. चित्रकार कठड्यावर रांगेत.)

कोल्हापूरला कलापूर म्हणतात, हे आता रिक्षावरही लिहिलेलं असतं. त्यामागं माणसं आहेत. आबालाल रहिमान हे राजर्षी शाहू महाराजांच्या पदरी असलेले चित्रकार. त्यांनी रंकाळा, कोटितीर्थ, पंचगंगेचा घाट पुन्हा पुन्हा रंगवला. १९२२ मध्ये महाराज गेले आणि आबालालांनी आपली चित्रं पाण्यात सोडून दिली, असं इथं सांगतात. खरंखोटं त्या पाण्याला माहीत. पण कोल्हापुरात चित्रकला शिकायला आलेल्या पोराला ही गोष्ट पहिल्याच वर्षी ऐकवली जाते, बहुतेक वेळा याच कठड्यावर. बाबूराव पेंटर इथलेच. नाटकाचे पडदे रंगवता रंगवता त्या माणसानं सिनेमाचा कॅमेरा स्वतःच्या हातानं तयार केला.

आणि महादेव विश्वनाथ धुरंधर. जन्म १८६७, कोल्हापूर. तिथून मुंबई, सर जे. जे. कलाशाळा, तिथंच विद्यार्थी आणि पुढं तिथंच शिक्षक. १८५७ साली जे. जे. सुरू झाली, १८८८ मध्ये बॉम्बे आर्ट सोसायटी, १९५२ मध्ये जहांगीर आर्ट गॅलरी. शिकायचं तिथं, दाखवायचं तिथं, विकायचं तिथं. ती वाट वाईट आहे असं कुणी म्हणत नाही. या अठरांतल्या निम्म्यांनी तिथल्या प्रदर्शनाच्या तारखेसाठी वर्षानुवर्षं वाट पाहिली आहे. पण चित्र ज्या गावात काढलं, त्या गावानं ते कधी बघायचं?

(पिंगुळी. चित्रकथीच्या जुन्या कागदांची पोथी सोडली जाते.)

त्याचं उत्तर कोकणात मिळतं. कुडाळजवळचं पिंगुळी. इथल्या ठाकर समाजाची चित्रकथी. सुटे कागद, त्यावर रामायण-महाभारतातले प्रसंग, सगळे एका पोथीत बांधलेले. देवळात रात्री एकेक कागद उभा धरायचा आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीनं गोष्ट गायची. गोष्ट संपली की चित्रं पुन्हा पोथीत आणि पोथी पुढच्या गावाला. २०२१ मध्ये पिंगुळीच्या परशुराम गंगावणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा बऱ्याच जणांनी चित्रकथी हा शब्द पहिल्यांदा ऐकला.

(डोळ्यांचा जवळून भाग. मोठे, टोकदार, एका बाजूला पाहणारे.)

या रेषेकडे बघा. लिनो कोरणाऱ्याला ती लगेच कळते, कारण तिच्यात मागे फिरणं नाही. पेटीची कल्पना निघाली ती इथं, याच अंगणात. कुणाच्या डोक्यातून, यावर तीन दावेदार आहेत.

चित्रं लोकांकडे गेली, याचं आणखी एक उदाहरण आपल्या आजीच्या देवघरात होतं. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, तो पुढं लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथल्या शिळाछापावर निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत टांगल्या गेल्या. त्या वेळच्या जाणकारांनी नाकं मुरडली असतील. मुरडोत.

(औंध. यमाईचा डोंगर, उतारावर संग्रहालय.)

पेटीचा यंदाचा पहिला मुक्काम औंध, तालुका खटाव. डोंगराच्या उतारावर दिसतंय ते श्री भवानी संग्रहालय. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये ते उभं केलं. राजे स्वतः चित्रकार. इथं रविवर्मांची मूळ तैलचित्रं आहेत आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई आणि मूल सुद्धा. माणदेशाच्या उंबरठ्यावरच्या गावात हेन्री मूर. मुंबईच्या पाहुण्याला सांगितलं की तो आधी हसतो, मग गाडी काढतो. आतलं चित्रण आमच्याकडे नाही, त्यामुळे बाहेरूनच नमस्कार.

पेटी उघडली ती शाळेच्या सभागृहात.

(सभागृह. दोरी, चिमटे, स्टुलावर चढलेला मुलगा.)

गॅलरीत चित्र टांगताना त्याचा मध्य साधारण पाच फुटांवर येईल असं बघतात, उभ्या माणसाच्या नजरेसमोर. इथं दोरी साडेतीन फुटांवर बांधली. बघणारे पाचवी ते आठवीतले होते. मुख्याध्यापक पूर्ण वेळ वाकून बघत होते, आणि तक्रार त्यांनी केली नाही.

(मुलं. छापे. एक मुलगी एका चित्रासमोरून हलत नाही. निवेदन नाही.)

तालुक्याच्या गावात चित्रकलेचं जे काही चालतं ते चित्रकलेच्या सरांच्या जिवावर. एलिमेंटरी, इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षांना मुलं बसवायची, त्यांचे फॉर्म भरायचे, स्थिरचित्राला घरून तांब्या-पेला आणायचा आणि गॅदरिंगचा पडदाही त्यांनीच रंगवायचा. या अठरांत सहा जण असे सर आहेत. बटाट्याचे ठसे कापून त्यांनी अर्ध्या तासात सभागृहभर मुलांना छपाईला बसवलं. मुलांचे हात बघा, शर्ट बघू नका.

(शाईचे हात. हसणं. मोठं दृश्य.)

या दौऱ्यात चार छापे विकले गेले. एका गावात ठरलेलं सभागृह ऐनवेळी साड्यांच्या सेलला गेलं. सहांपैकी दोन सर यंदा निवृत्त होतात, त्यांच्या जागा भरल्या जातील का, हे कुणी सांगत नाही. संगणकावर केलेली चित्रं पेटीत घ्यायची का यावर एक लांबलचक बैठक झाली, ती कॅमेऱ्यात नाही. ठरलं ते एवढंच, की या खेपेला नाही. मला विचाराल तर घ्यायला हवी होती. पण चमचा घासून ज्यांचे खांदे भरून आलेत त्यांच्यासमोर हे बोलायची हिंमत झाली नाही.

(पेटी बंद होते. कडी.)

आता पुढचं.

दिवाळी झाली की दोन दिवसांचं आउटडोअर, म्हणजे उघड्यावर बसून चित्रं काढणं, वाईजवळ मेणवलीला. कृष्णेचा घाट, नाना फडणवीसांचा वाडा, आणि घाटावर वसईच्या मोहिमेतून आलेली पोर्तुगीज घंटा. घाटाच्या पायऱ्यांवर ऊन सकाळी तिरकं पडतं, तेव्हाच पायऱ्या वेगवेगळ्या दिसतात, म्हणून बसायचं उजाडताच. नऊनंतर सगळं सपाट होतं. जलरंगवाले, तैलरंगवाले, नुसती वही घेऊन येणारे, सगळे चालतील. येताना पाण्याचा डबा आपला आपण आणायचा. मागच्या वेळी एकाच डब्यात सात ब्रश बुडत होते आणि सगळ्यांचं आकाश मातकट निघालं.

थंडीत पेटी आंबोली घाट उतरून सावंतवाडीला जाईल. पावसात तो घाट आणि कागद यांचं जमत नाही, दमटपणानं कागदावर पिवळे डाग धरतात. त्यामुळे जून ते सप्टेंबर पेटी घरी, आत कडुलिंबाचा पाला. सावंतवाडीत छाप्यांचं प्रदर्शन आणि एक दिवस गंजिफाचा, म्हणजे हातानं रंगवलेल्या खेळायच्या पत्त्यांचा. दशावतारी गंजिफाच्या संचात १२० गोल पानं असतात, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. ती रंगवणाऱ्या कारागिरांसमोर बसून लिनोवाल्यांनी एकेक गोल पान कोरायचं, असा बेत आहे. चौकोनात कोरायची सवय लागलेल्या हाताची गोलात काय गत होते, ते बघायला आम्ही कॅमेरा घेऊन जाणारच आहोत. तिथून पिंगुळी जवळच.

(कोल्हापूर बसस्थानक. पहाट. एसटीच्या डिकीत पेटी सरकवली जाते. वाहक लगेजचं तिकीट फाडतो.)

वाहकानं विचारलं, आत काय? ताई म्हणाल्या, चित्रं. त्यानं वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाला, एवढी?

(एसटी सुटते. धूळ. बस वळणावर दिसेनाशी होते.)

पुढच्या पेटीचा विषय पाणी. जागा अठराच राहणार नाहीत, पण चोविसाच्या वर घेणार नाही, कारण माणसागणिक प्रत्येकाला एक छापा जास्त घासावा लागतो. चोवीस झाले तर छापे सव्वीस. लिनो २० बाय २५ सेंटिमीटर, आडवा किंवा उभा. शाई काळी, हवा असेल तर आणखी एक रंग. चारी बाजूंना तीन बोटं कागद कोरा सोडायचा. आकडा आणि सही शिसपेन्सिलीनंच. आणि होडी काढणार असाल, तर छापण्याआधी एकदा आरशात बघून घ्या.