नवी किडनी ठीक आहे, मग दुखतंय काय?

किडनी प्रत्यारोपणात जुन्या किडन्या बहुतेकदा जागेवरच ठेवतात. नवी बसते ओटीपोटात, बहुधा उजवीकडे, जांघेच्या थोडी वर. रक्तवाहिन्या जोडतात, मूत्रवाहिनी मूत्राशयाला जोडतात. मज्जातंतू मात्र जोडले जात नाहीत. म्हणून किडनीच्या आत बिघाड झाला तरी ती दुखेलच असं नाही. हल्ली रिजेक्शनसुद्धा (शरीराने नवी किडनी नाकारणं) पुष्कळदा न दुखताच येतं, क्रिएटिनिन, म्हणजे किडनी गाळून टाकते तो रक्तातला टाकाऊ पदार्थ, वाढल्यावर कळतं.

त्या जागी अचानक जोराची कळ आली, सूज आली, लघवी कमी झाली किंवा 38 अंश सेल्सिअसचा ताप भरला, तर लगेच रुग्णालय गाठायचं. शिरेतली गुठळी, मूत्रगळती, जंतुसंसर्ग, काहीही असू शकतं. रिजेक्शन टाळायला दिलेली स्टेरॉइड ताप दाबतात. ताप नाही म्हणून थांबू नये.

पण क्रिएटिनिन, लघवी, डॉप्लर सोनोग्राफी (रक्तप्रवाह दाखवणारी) सगळं ठीक, आणि तरीही दुखतंच आहे? ते दुखणं खरंच असतं. फक्त उगम दुसरीकडे शोधावा लागतो.

आधी पोटाची भिंत पाहावी. छेद देताना दुखावलेला किंवा व्रणात अडकलेला मज्जातंतू जळजळतो, झिणझिण्या आणतो. नेमक्या जागेवर बोट ठेवता येतं. रुग्ण उताणा झोपतो, डॉक्टर ती जागा दाबून धरतात, रुग्ण डोकं आणि खांदे उचलतो. स्नायू ताठ होताच कळ वाढली, तर उगम बहुधा भिंतीतच. तिथे भुलीचं इंजेक्शन देऊन आराम पडला, की संशय पक्का होतो. हर्नियाही याच चाचणीत दुखतो, म्हणून खोकायला लावून तपासतात.

जांघेतलं, चालताना वाढणारं दुखणं नव्या किडनीच्या नावावर सहज खपून जातं. स्टेरॉइडमुळे खुब्यातल्या हाडाच्या गोल टोकाचा रक्तपुरवठा तुटलेला असू शकतो. सुरुवातीला एक्स-रे स्वच्छ येतो, म्हणून एमआरआय हवाच.

दोन्ही पावलं, घोटे, गुडघे सारखेच ठणकत असतील, तर तो टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन या रिजेक्शन रोखणाऱ्या औषधांचा त्रास आहे का, हे पाहावं. टॅक्रोलिमस दिवसातून दोनदा असेल, तर त्याची रक्तातली पातळी तपासायला रक्त आदल्या गोळीनंतर 12 तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी द्यायचं. गोळी घेऊन गेलं, तर आकडा फसवा येतो. डोस डॉक्टरच बदलतील. एकाच बाजूला पट्ट्यासारखी आग होत असेल, तर ती नागीणही असेल. पुरळ काही दिवसांनी उठतं.

आणि मनाने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक ही वेदनाशामकं कधीच नकोत. ही औषधं किडनीत रक्त नेणारी रोहिणी आवळतात. टॅक्रोलिमसही तेच करतं. पॅरासिटामॉल चालतं, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत.