टीव्हीवर चित्र मध्येच जातंय? आधी १०८०पी करून बघा

नमस्कार मंडळी! मागच्या व्हिडिओखाली परत परत एकच प्रश्न येतोय. "दादा, पिक्चर चालू असताना स्क्रीन मध्येच दोन सेकंद काळी होते, आवाज मात्र चालू असतो, पॅनल गेलं का?" बहुतेक वेळा नाही. प्लग घट्ट बसवणं, सगळं मेनवरून बंद करून परत लावणं, अपडेट टाकणं, हे तुम्ही केलंच असेल, पुढे जाऊ.

"आवाज चालू असतो" हे जे लिहिता ना, त्यातच अर्धं उत्तर आहे. होम थिएटरच्या जोडणीत स्ट्रीमिंग स्टिकमधून (टीव्हीवर ओटीटी दाखवणारी छोटी काडी) एचडीएमआय केबल रिसिव्हरला, म्हणजे स्पीकर चालवणाऱ्या डब्याला जाते, रिसिव्हर आवाज तिथेच घेतो आणि चित्र दुसऱ्या केबलने टीव्हीला पाठवतो. म्हणजे आवाज अखंड आणि चित्र गायब, तर संशय रिसिव्हर ते टीव्ही या टप्प्यावर, आणि नेमकी तीच केबल लांब असते, भिंतीतून गेलेली असते.

आता मुद्दा. स्टिकच्या सेटिंगमध्ये जा, रिझोल्यूशन, म्हणजे चित्राची बारकाई, फोर-केवरून १०८०पी (फुल एचडी) करा आणि जिथे चित्र जात होतं तोच सीन परत लावा. चित्र टिकलं? मग टीव्ही शाबूत आहे, केबलला फोर-केचा भार झेपत नाहीये. १०८०पी, ६० हर्ट्झला सेकंदाला साधारण साडेचार गिगाबिट लागतात, फोर-के ६० हर्ट्झ आणि त्यात एचडीआर (जास्त उजेड आणि रंगांचं चित्र) असेल तर हेच १८ पर्यंत जातं. काळं व्हायच्या आधी पांढरे ठिपके चमकून जात असतील तर केबलवरचा संशय आणखी पक्का.

माझ्या मित्राकडे नाशिकला हेच झालं. सेट-टॉप बॉक्सवर क्रिकेट दिवसभर बघा, काही नाही, एचडीआर सिनेमा लावला की अंधार. घरी आलेल्या टेक्निशियनने सरळ टीव्हीचा बोर्ड बदलायला सांगितलं! अरे, बोर्ड गेला असता तर मॅच कशी दिसली असती? आम्ही १०८०पी केलं, सिनेमा शेवटपर्यंत चालला. मग भिंतीतली दहा मीटरची केबल सोडून रिसिव्हर टीव्हीजवळ आणला, छोटी केबल लावली, फोर-के परत चालू केलं, चित्र एकदाही गेलं नाही.

यावर कमेंट येते, "फोर-के टीव्ही एवढे पैसे घालून घेतला, मी १०८०पी का बघू?" बघू नका हो! ही टेस्ट आहे, उपाय नाही. दहा मिनिटं करायची, कारण कळलं की परत फोर-के. पण ती न करता लोक थेट नवा रिसिव्हर आणतात, त्याचं मला खरंच वाईट वाटतं.

१०८०पीलाही चित्र जात असेल तर मधला रिसिव्हर बाजूला काढा, स्टिक थेट टीव्हीला लावा. आता नीट चाललं तर रिसिव्हरचा पोर्ट, त्याचं तापणं किंवा एचडीसीपीचा (कॉपी रोखणाऱ्या लॉकचा) गोंधळ, त्या दिशेने शोधा. आणि फक्त सिनेमा सुरू होताना एकदाच काळं होत असेल तर तो बिघाडच नाही, फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं) बदलताना तेवढं होतं.

केबलवर "८के" छापलंय म्हणून विश्वास ठेवू नका. अल्ट्रा हाय स्पीड सर्टिफाइड केबलच्या बॉक्सवर स्कॅन करायचं लेबल असतं, ते दुकानातच स्कॅन करा. लांब अंतराला साधी कॉपर नको, फायबरवाली घ्या, पण तिला दिशा असते, सोर्सचं टोक रिसिव्हरला आणि डिस्प्लेचं टीव्हीला, उलटी लावली तर चित्रच येणार नाही.

आणि ज्यांचं फर्निचरचं काम चालू आहे त्यांना हात जोडून सांगतो, केबल तशीच प्लास्टरमध्ये गाडू देऊ नका. एचडीएमआयचा प्लग आरपार जाईल एवढा रुंद पाइप टाकायला लावा, वळण गोल ठेवायला सांगा आणि आत पुढे केबल ओढून घ्यायला एक दोरा सोडून ठेवा. इंटिरियरवाले म्हणतील गरज नाही. तुम्ही ऐकू नका, पीओपी व्हायच्या आधी स्वतः जाऊन बघा.