प्रॉमचं तिकीट ३० पौंडांचं, मग घराचं बजेट का कोलमडतं?

(कॅमेऱ्यासमोर, हातात शाळेचं पत्र)

नमस्कार मंडळी. हे पत्र बघा. माझी लेक इथे इंग्लंडमध्ये इयर इलेव्हनला, म्हणजे पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या वर्गात होती, तेव्हा ऑक्टोबरमध्ये शाळेतून आलं होतं. एकच पान आहे. प्रॉम, म्हणजे शाळा संपतानाचा नाचाचा समारंभ, जुलैच्या पहिल्या आठवड्यात, एका हॉटेलमध्ये. तिकीट ३० पौंड, हप्त्यांनी भरलं तरी चालेल. आणि सगळ्यात खाली एक ओळ: "कपडे, प्रवास आणि इतर तयारी ही प्रत्येक कुटुंबाची वैयक्तिक निवड आहे."

मी पत्र वाचलं, ३० पौंड भरून टाकले आणि विषय संपला असं समजले. आज मला त्या शेवटच्या ओळीबद्दल बोलायचंय. माझ्या मते सगळा त्रास तिथेच दडलाय.

इंग्लंडमध्ये नव्याने आलेल्या आपल्या मराठी मंडळींसाठी आधी थोडक्यात सांगते. प्रॉम हा शब्द आला 'प्रोमेनाड' वरून. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या कॉलेजांमध्ये हे नाचाचे समारंभ सुरू झाले, विसाव्या शतकात तिथल्या हायस्कूलांमध्ये पसरले, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, लोकांच्या हातात पैसा आला तसे शाळेच्या जिममधून हॉटेलांत गेले. ब्रिटनमध्ये पूर्वी वर्ष संपताना शाळेच्या हॉलमध्ये साधा डिस्को व्हायचा. गेल्या पंचवीसेक वर्षांत त्याची जागा प्रॉमने घेतली. सोळाव्या वर्षी जीसीएसईची, म्हणजे आपल्या दहावीसारखी, परीक्षा संपते, की जूनच्या शेवटी किंवा जुलैमध्ये प्रॉम. निकाल लागतो ऑगस्टमध्ये. म्हणजे मूल पास झालंय की नाही हे कळायच्या आधीच सोहळा होऊन गेलेला असतो. काही ठिकाणी तर आता दहा-अकरा वर्षांच्या, इयर सिक्सच्या मुलांचाही प्रॉम असतो.

आता ड्रेसकडे येते. इथे जरा थांबणार आहे, कारण हा बाजार कसा चालतो हे मला दुकानात पाय ठेवेपर्यंत माहीतच नव्हतं.

आम्ही गेलो फेब्रुवारीत. मला वाटलं, आपण फार लवकर आलो. दुकानातल्या बाईंनी पहिला प्रश्न विचारला तो मापाचा नव्हता, बजेटचाही नव्हता. "शाळा कुठली? प्रॉमची तारीख काय?" आणि एक जाड वही उघडली. त्या वहीत प्रत्येक शाळेचं एक पान. कुठला ड्रेस, कुठल्या रंगात, कुठल्या शाळेतल्या मुलीने घेतला, सगळं लिहिलेलं. एका शाळेत तोच ड्रेस दुसऱ्या मुलीला विकायचा नाही, अशी दुकानाची हमी असते. माझ्या लेकीला आवडलेला पहिला ड्रेस त्या वहीप्रमाणे आधीच गेला होता. तो होता १८० पौंडांचा. "तसाच, पण थोडा वेगळा" जो निघाला, तो २६० चा.

ही हमी ऐकायला छान वाटते. सोळा वर्षांच्या मुलीला समोरून दुसरी मुलगी त्याच ड्रेसमध्ये येताना बघायचं नसतं, हे मलाही कळतं. पण परिणाम बघा. जो आधी येईल त्याला निवड. म्हणून लोक जानेवारीत येतात, काही जण त्याआधीच्या शरदात. ज्या घरात पगार महिन्याच्या महिन्याला संपतो ते घर मेपर्यंत थांबतं, आणि मेमध्ये उरतं ते एकतर महाग किंवा मापाबाहेरचं. शिवाय फेब्रुवारीत घेतलेला ड्रेस जुलैत होईलच असं नाही. वाढतं वय आहे. म्हणजे आल्टरेशनचे पैसे वेगळे. आणि मुलींनी फक्त ड्रेसचे फोटो टाकायला एक प्रायव्हेट इन्स्टाग्राम अकाउंट काढलेलं असतं, कुणाचं डुप्लिकेट होऊ नये म्हणून. ज्या मुलीने फोटो टाकला नाही तिने अजून घेतला नाही, हे सगळ्या वर्गाला दिसतं.

मुलग्यांचं थोडं बरं आहे. बऱ्याच सिक्स्थ फॉर्ममध्ये, म्हणजे त्यापुढच्या दोन वर्षांच्या वर्गांत, ऑफिससारखे कपडे घालून जावं लागतं, त्यामुळे प्रॉमचा सूट तिथे वापरला जातो. मुलींचा ड्रेस मात्र एका संध्याकाळनंतर कपाटात.

मग बूट, केस, नखं, मेकअप. आणि गाडी.

गाडीबद्दल सांगायला हवं. ब्रिटनमधल्या प्रॉममध्ये नाचापेक्षा महत्त्वाचं काय असेल तर पोचणं. हॉटेलच्या दारात पालक, आजी-आजोबा, शेजारी फोन घेऊन उभे असतात आणि मुलं एकेक करून उतरतात. लिमोझिन, जुन्या विंटेज गाड्या, घोडागाडी, खेड्यांकडे चक्क ट्रॅक्टर. लिमोझिन आठ जणांत वाटून घेतली की माणशी खर्च फार होत नाही, हे खरं. पण आठ जण म्हणजे आठच. नवव्या मुलीने काय करायचं? माझ्या लेकीच्या मैत्रिणींमध्ये अशी एक नववी मुलगी होती. तिच्या आईने नंतर एकटीसाठी गाडी ठरवली. त्या ताई एका केअर होममध्ये रात्रपाळी करतात. मला म्हणाल्या, "ती बसमधून उतरलेली सगळ्यांनी बघितली असती. मला ते चालणार नव्हतं."

(स्क्रीनवर दोन आकडे: १,३९३ डॉलर आणि ७९९ डॉलर)

आता हे आकडे बघा. हे अमेरिकेतले आहेत, व्हिसा या कार्ड कंपनीच्या २०१५ च्या पाहणीतले. प्रॉमवर एका मुलामागे किती खर्च होईल, असं कुटुंबांना विचारलं होतं. सरासरी आली ९१९ डॉलर. त्यातले ३२४ डॉलर तर फक्त 'प्रॉमपोझल'चे, म्हणजे माझ्याबरोबर प्रॉमला येशील का, हे थाटामाटात विचारण्याचे. पण मला अस्वस्थ केलं ते पुढच्या आकड्यांनी. वर्षाला ५० हजार डॉलरपेक्षा जास्त कमावणारी कुटुंबं ७९९ डॉलर खर्च करणार होती. आणि २५ हजारांपेक्षा कमी कमावणारी, १,३९३.

हो, उलटं नाही वाचलं मी. कमी कमाईवाल्यांचा खर्च जवळजवळ पावणेदोन पट.

हे ऐकून कुणी लगेच म्हणतं, बघा, पैशाचं भान नाही लोकांना. मला हे अजिबात पटत नाही. त्या रात्रपाळीवाल्या ताईंना पै-पैचा हिशोब माझ्यापेक्षा चांगला येतो. पाच वर्षं त्यांच्या मुलीने प्रत्येक परदेशी सहलीचा फॉर्म घरी न दाखवता फेकून दिला, कारण तिला उत्तर माहीत होतं. ही एक संध्याकाळ अशी, की जिचे फोटो घरात कायम राहणार आणि ज्यात ती इतरांसारखीच दिसणार. त्या आईने १,३९३ म्हणा की आणखी काही, ते कशासाठी दिले हे मला समजतं. सुखवस्तू घरातल्या मुलीला साध्या ड्रेसमध्ये जाता येतं. तिच्याकडे बघून कुणी "परवडत नसेल" असं म्हणत नाही.

म्हणून पत्रातल्या त्या ओळीवर माझा राग आहे. शाळा तिकिटाचे ३० पौंड मोजते आणि म्हणते, आम्ही स्वस्तात केलं. पण हॉटेल शाळेने निवडलं. लाल गालिचा शाळेने अंथरला. फोटोग्राफर दारात शाळेने उभा केला. मग त्या दारात कशातून उतरायचं हा प्रश्न 'वैयक्तिक निवड' कसा?

याहून वाईट एक गोष्ट आहे. काही शाळा प्रॉमचं बक्षीस करून टाकतात. हजेरी अमुक टक्के हवी, वागणुकीचे गुण हवेत, नाहीतर प्रवेश नाही. तोवर ड्रेस घेऊन झालेला असतो, आणि परत न घेण्याच्या अटीवर. आजारपणामुळे किंवा घरच्या अडचणीमुळे ज्यांची हजेरी घसरते, त्यात गरीब घरची मुलं कमी नसतात.

कायद्याचं म्हणाल तर, इंग्लंडमध्ये शाळेच्या वेळेतल्या शिक्षणासाठी सरकारी शाळांना फी घेता येत नाही. युनिफॉर्मचा खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी २०२१ मध्ये वेगळा कायदाही झाला. लोगोवाले कपडे कमीत कमी ठेवा, जुने युनिफॉर्म मिळण्याची सोय करा, हे शाळांना बघावं लागतं. प्रॉम शाळेच्या वेळेबाहेरचा, म्हणून तो या सगळ्याच्या बाहेर राहतो.

पण शाळांनी मनावर घेतलं तर होतं. चाइल्ड पॉव्हर्टी ॲक्शन ग्रुप ही संस्था 'कॉस्ट ऑफ द स्कूल डे' नावाचं काम करते. शाळेचा दिवस मुलांना कुठे कुठे महाग पडतो, हे ते मुलांनाच विचारतात. मला ही पद्धत फार योग्य वाटते, कारण आईवडिलांना मुलं हे सांगत नाहीत. अमेरिकेत फ्लोरिडातल्या एका शाळकरी मुलीने गरजू मुलींसाठी प्रॉमचे अडीचशेहून जास्त ड्रेस गोळा केले होते. २००३ मध्ये, अवघ्या सोळाव्या वर्षी ती अपघातात गेली, आणि तिच्या नावाने 'बेकाज क्लोजेट' ही संस्था उभी राहिली. ब्रिटनमध्येही अनेक गावांत असे ड्रेस फुकट किंवा नाममात्र भाड्याने देणारे लोक आहेत.

एक मात्र सांगते. ड्रेसची मदत जाहीर करताना 'गरजूंसाठी' असं लिहिलं, की मुली तिकडे फिरकत नाहीत. आमच्या शाळेत आम्ही काही आयांनी मिळून यंदा कपड्यांचा रॅक लावला, तेव्हा पाटीवर फक्त 'ड्रेस बदली करा' असं लिहिलं. एक आणा, एक न्या, आणि आणला नाही तरी कुणी विचारत नाही. माझ्या लेकीचा २६० पौंडांचा ड्रेस पहिल्याच दिवशी गेला. कुणी नेला ते मला माहीत नाही, आणि तिलाही नाही.

तुमचं मूल यंदा इयर टेन किंवा इलेव्हनला असेल, तर शाळेला आत्ताच ईमेल करा. तीन गोष्टी विचारा: कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये का होऊ शकत नाही, सगळ्या मुलांना शाळेतूनच एका बसने नेता येईल का, आणि हजेरीची अट असेल तर ती ड्रेस घेण्याच्या आधी, लेखी सांगाल का. बसचा प्रश्न मी विचारला होता. उत्तर आलं, "आजवर कुणी मागणी केली नाही." म्हणून तुम्ही चार घरांनी मिळून विचारा. तुमच्या गावात ड्रेसचा रॅक किंवा ड्रेस लायब्ररी असेल, तर खाली कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा, मी सगळ्यांची एक यादी करून व्हिडिओखाली लावते.